एकोणीस मिलिमीटर

प्लेट हुंगू नये असं शिकवतात.
पण वास आपणहून येतो, झाकण उचललं की,
पिकल्या द्राक्षांचा,
अथणीकडचा ट्रक शेजारून गेल्यासारखा.
मग हिरवट झाक. बघायचीही गरज नसते,
तरी बघते, तरी लिहिते: सुडोमोनस.
नमुना चारशे सतरा. पू, डावा पाय.
भरमू सातपुते, अठ्ठावन्न, निपाणी.
धंदा: चपला.

परवा तो खिडकीशी आला होता, चाकाच्या खुर्चीतून.
"माझं उगवलं काय ओ बाई?"
कुणीतरी त्याला सांगितलेलं, इथं पू पेरतात.
म्हटलं, उगवलंय. जोरात उगवलंय.
तो उगाच खूश झाला.
मग माझ्या पायांकडं बघून म्हणाला,
"सहा नंबर. उजवी टाच आतनं झिजवताय तुम्ही."

खरं आहे, झिजवते.

पेरतोच आम्ही. कापसाच्या बोळ्यानं, तीन बाजूंनी,
अंगण सारवावं तसं, कोरं काही न ठेवता.
वर औषधांच्या चकत्या, टिकलीएवढ्या.
रात्रभर अंगाच्या उबेएवढी ऊब.
सकाळी बघायचं
कुठल्या टिकलीभोवती कुणी पाऊल टाकलं नाही.

सिप्रोच्या भोवती अख्खी वस्ती,
टिकलीला खेटून घरं बांधल्यासारखी.
जेंटाभोवतीही तेच.
पट्टी ठेवते, उचलते. आर.
ठेवते, उचलते. आर.
केसपेपर कन्नडमध्ये, गावच्या डॉक्टरची चिठ्ठी मराठीत,
निकाल मात्र एका इंग्रजी अक्षराचा.
आर.

बायको सांगत होती, गौराक्का:
कातडं बाभळीच्या सालीत मुरवायचं,
त्यातलाच काटा, कधी गेला ते ह्यांना ठाऊक नाही.
पाय चार वर्षांपासून मुकेच, साखरेनं.
फरशीवर ओले ठसे दिसले, एकाच पायाचे.
"मी कुत्र्याला हाकलत बसले की ओ घरभर."

चौकातल्या मेडिकलातून सिप्रोच्या दहा गोळ्या.
चार खाल्ल्या, वास गेला.
उरलेल्या आरी-रापीच्या डब्यात.
एक पाहुणीच्या खोकल्याला दिली,
एक कोंबडीला, पाण्यात कालवून. कोंबडी मेलीच.
पाय परत सुजला तेव्हा दोन.
मग संकेश्वरचा सुईवाला. मग कुणाचं तरी मलम.

चार गोळ्यांत मेले ते भोळे होते.
जे राहिले
ते डबा कुठं ठेवलाय ते बघून बसले.

रागवायला तोंड उघडलं होतं मी.
मग आठवलं, माझ्या फ्रिजच्या दारात
अझिथ्रोच्या दोन आहेत, मागल्या दिवाळीच्या.

शेवटची टिकली. मेरोपेनेम.
इथं मात्र एक रिकामं वर्तुळ,
परातीतल्या पिठात वाटी दाबून उचलावी तसं.
पट्टी ठेवते. एकोणीस.
प्लेट फिरवते, दुसऱ्या बाजूनं. एकोणीस.
तक्त्यात एकोणीसलाच एस सुरू होतं.
अठरा असते तर काय लिहिलं असतं
ते मला माहीत आहे, म्हणून तिसऱ्यांदा मोजते.

वॉर्डात फोन. डॉक्टर अंकलगी घाईत.
"चालू करतो. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं
ठेवता येणार नाही. हाड काळं पडलंय."

दुपारी गौराक्का खाली आली, हातात कॅलेंडरचं फाटकं पान.
पाठीमागं पेन्सिलीनं पायाची आकृती,
पट्ट्या बांधलेल्या पायाभोवतीच काढलेली,
म्हणून फुगीर, पावाच्या लादीसारखी.
"विचारलंय त्यांनी, नेमकं कुठवर जाणार?
फर्मा आत्ताच कापून ठेवतो म्हणालेत.
बसून बसून वैताग आलाय."

ते वरती विचारा, म्हटलं. मला बोटं मोजता येत नाहीत.
ती थांबली. पान खिडकीतच सरकवून गेली.

संध्याकाळी चारशे सतरा नंबर लाल पिशवीत,
पिशवी वाफेच्या भांड्यात.
हात धुतले, परत धुतले.
बसस्टँडवर द्राक्षवाला ओरडत होता, साठ रुपये, साठ.
मी पलीकडच्या फुटपाथनं गेले,
उजवी टाच जरा सरळ टाकत.